देवाचा दरबार : रेव्हरंड टिळकांची अखेरची मंडळी

बुलढाणा - मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील ही स्थानके बुलढाणेकरांच्या नित्य परिचयाची आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिकहून नागपूरला जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाची गाडी याच स्थानकांवरून पुढे जात असे. या प्रवाशांत एक चित्पावन ब्राह्मण तरुणही होता. संस्कृतचा व्यासंगी, शीघ्रकवी, वक्ता आणि कीर्तनकार. खिशात पैसा टिकत नसे आणि एका गावी मन रमत नसे. नाशिक-नागपूर हा प्रवास त्याने आयुष्यात अनेकदा केला. या तरुणाचे नाव नारायण वामन टिळक.

पाठ्यपुस्तकांतील कवितांमुळे मराठी वाचक त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतो. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ते उदार, तापट आणि घरखर्चाचे पैसे भलत्याच ठिकाणी देऊन येणारे पती म्हणून आठवतात. मात्र या दोन्ही ओळखींच्या आड टिळकांच्या आयुष्यातील शेवटचे आणि त्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम झाकले गेले आहे. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर, स्थिर झालेले मिशनचे काम सोडून, त्यांनी सातारा शहरात एक नवी ख्रिस्ती मंडळी उभारावयास घेतली. तिला त्यांनी नाव दिले 'देवाचा दरबार'. त्या दरबाराचे आयुष्य दोन वर्षांचेही ठरले नाही. तरीही टिळकांचे चरित्र तेथूनच मागे वाचत गेले, तर त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

मंडळी उभी राहायची कशी?

शहरात नवी ख्रिस्ती मंडळी स्थापन होण्याची जी रीत त्या काळी रूढ होती, ती वऱ्हाडालाही अपरिचित नाही. अकोला हे प्रमुख ठाणे करून ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेने वऱ्हाडात काम सुरू केले आणि बुलढाणा, खामगाव, मलकापूर या गावांपर्यंत ते पोहोचविले. अकोल्यातील या मंडळींपैकी जेनी फुलर यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांच्या स्थितीविषयी इंग्रजीत लिहिलेल्या व १९०० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकास पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. मिशनच्या कामाची घडी सर्वत्र साधारण सारखीच असे. आधी बंगला, मग शाळा, दवाखाना किंवा अनाथगृह आणि त्यांच्या आसऱ्याने हळूहळू उपासना मंदिर. दुष्काळात, साथीच्या रोगांत या व्यवस्थेने असंख्य जीव वाचविले, हे नाकारता येणार नाही. ज्या मुलांना अन्य कोणी दाराशी उभे केले नसते, त्यांना तिने अक्षरे शिकविली.

परंतु या रीतीत एक गाठ होती. बाप्तिस्मा घेणारा माणूस आपल्या वाड्यातून, आळीतून, जातीतून उठे आणि मिशनच्या आवारात येऊन राही. त्याचे राहणे, पुष्कळदा त्याची नोकरी, मुलांचे शिक्षण, अगदी लग्ने जुळविणेसुद्धा त्या आवाराशी बांधले जाई. पाळकाचा पगार समुद्रापलीकडच्या वर्गणीतून येई आणि कोणती मंडळी कोणत्या पंथाची, हे अमेरिकेत किंवा इंग्लंडात कधी काळी झालेल्या वादांवरून ठरे. गावाच्या दृष्टीने तो माणूस मेल्यात जमा होई. १८५० च्या कायद्याने धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता. कायद्याने जमिनीतला वाटा मिळे, पंगतीतला पाट मात्र मिळत नसे.

टिळकांना ही गाठ पुस्तकातून कळलेली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या संसारावर ती बसली होती.

करजगाव ते राजनांदगाव

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभाव करडा, घरात त्यांचा धाक मोठा. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची ओढ असलेल्या. मुलाच्या मनावर ठसा उमटला तो आईचा. ती लवकर गेली आणि मुलाचे घरावरचे मन उडाले. वडिलांचा आसरा सोडून ते नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृतचे अध्ययन झाले, इंग्रजीही काही इयत्तांपुरते शिकून झाले. पुढची बैठक त्यांनी स्वतःच्या वाचनावर घातली.

१८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक. मुलगी बारा वर्षांची. घरी सोवळ्या-ओवळ्याचा कडक अंमल आणि अक्षरओळख जवळजवळ नाही. या मुलीने पुढे मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहावे, हा टिळकांच्या चरित्रातील सर्वांत अनपेक्षित योग म्हणावा लागेल.

लग्नानंतरची वर्षे भ्रमंतीत गेली. शिक्षकी, कीर्तने, पुराण सांगणे, व्याख्याने, मासिक काढणे असे अनेक व्यवसाय टिळकांनी केले आणि सोडले. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. 'ऋषी' नावाचे नियतकालिकही त्यांनी चालविले. या काळात त्यांच्या मनात धर्मविचाराने ठाण मांडले होते. जातिभेदाने पोखरलेला देश उभा राहायचा असेल, तर धर्माचीच नव्याने मांडणी केली पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. आपणच एखादा नवा धर्म स्थापन करावा इथपर्यंत त्यांची मजल गेली होती. ईश्वर हा सर्वांचा पिता आणि माणसे परस्परांची भावंडे, या धर्तीवर त्याची तत्त्वेही त्यांनी मनाशी जुळविली होती.

अशा मनःस्थितीत राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. गप्पा सुरू झाल्या त्या काव्यावरून. त्या गृहस्थाने टिळकांना बसावयास आपुलकीने जागा दिली, त्यांच्या विद्वत्तेची कदर केली आणि उतरण्यापूर्वी बायबलचा नवा करार त्यांच्या हाती ठेवला. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी ते थोडे हसण्यावारी नेले असावे. हा प्रवासी कोण, याचा शोध पुढे अनेकांनी घेतला. अर्नेस्ट वॉर्ड या अमेरिकन मिशनऱ्याचे नाव त्या संदर्भात घेतले जाते.

राजनांदगावात पुस्तक उघडले गेले. डोंगरावरील प्रवचनाच्या अध्यायांपाशी टिळक थांबले ते थांबलेच. आपण ज्या धर्माची आखणी करीत होतो तो येथे आधीच सांगितलेला आहे, अशी त्यांची भावना झाली. 'ज्ञानोदय' या पत्रातून टोपणनावाने शंका विचारणे, मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार असे काही महिने चालले. या पत्रव्यवहारात रेव्हरंड जस्टिन अॅबट होते. महाराष्ट्रातील संतकवींची इंग्रजी भाषांतरे करून पुढे ज्यांनी नाव मिळविले, तेच हे अॅबट.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो देशी पाळकाच्या हातूनच व्हावा, असा त्यांचा आग्रह होता.

पाच वर्षांचा वनवास

पत्नीला त्यांनी आधी स्पष्ट काही सांगितले नव्हते. टिळकांच्या चाहत्यांनाही त्यांचे हे वागणे समर्थनीय वाटत नाही आणि प्रस्तुत लेखकाचेही मत निराळे नाही. ज्याने माणसांच्या समतेचा एवढा विचार केला, त्याने आपल्या घरातील माणसाला सर्वांत शेवटी कळविले. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने नवरा जिवंत होता, कपाळाचे कुंकू कायम होते आणि तरीही संसार उरला नव्हता. पदरी चार वर्षांचा दत्तू. नाशिकचे नाना पेंडसे आणि बहीण भिकूताई यांनी आधार दिला. काही काळ त्या पंढरपुरात राहिल्या. टिळक पत्रे लिहीत, मधूनमधून भेटावयास येत. नातलगांच्या पहाऱ्यात झालेल्या त्या भेटींचे वर्णन 'स्मृतिचित्रे'त वाचताना हसूही येते आणि घसाही दाटतो.

सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला पतीकडे आल्या. (या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे.) प्रारंभी त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली, पाणी वेगळे ठेवले. पतीबरोबर राहायचे, पण बाटायचे नाही, असा तो निर्धार होता. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंचे सोवळे एका दिवसात सुटले नाही. माणसे पाहता पाहता, स्वतःच्या मनाशी भांडता भांडता ते गळून पडले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

या पाच वर्षांचा हिशेब टिळकांच्या मनातून कधी पुसला गेला नसावा, असे त्यांच्या पुढच्या वाटचालीवरून वाटते. ख्रिस्ताच्या मागे जाण्याची किंमत म्हणून माणसाला बायको, मूल, आप्त आणि गाव सोडावे लागत असेल, तर दोष नेमका कोणाचा? जातीने पाठ फिरविणाऱ्या समाजाचा तर होताच. परंतु आत येणाऱ्याला त्याच्या घरापासून तोडूनच आत घेणाऱ्या मंडळीच्या रचनेचा त्यात काहीच वाटा नव्हता काय? सातारच्या दरबाराचे बीज या प्रश्नात आहे.

नगरची बावीस वर्षे

१८९५ ते १९१७ हा काळ मुख्यतः नगरमध्ये गेला. अमेरिकन मराठी मिशनचे हे जुने ठाणे होते. तेथील काम १८३१ पासून चालत आलेले होते. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारखे उदार दृष्टीचे मिशनरी तेथे होते. टिळकांनी ईश्वरविज्ञान शाळेत भावी पाळकांना शिकविले, स्वतः पाळकपदाची दीक्षा घेतली, कीर्तने केली, प्लेगच्या दिवसांत सेवा केली. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. १८४२ साली नगरमध्ये सुरू झालेल्या या पत्रातून त्यांचे अभंग एकामागून एक प्रसिद्ध होऊ लागले.

मराठी ख्रिस्ती उपासनेचा तोपर्यंतचा आवाज पुष्कळसा उसना होता. इंग्रजी गीतांची शब्दशः भाषांतरे विलायती चालींवर म्हटली जात. मराठी शब्दांची ऱ्हस्व-दीर्घे त्या चालींत ओढाताणीने बसत. नगरमध्ये कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा आधीच पाडली होती. टिळकांनी त्या प्रथेला श्रेष्ठ काव्याचे बळ दिले. ज्ञानेश्वर-तुकारामांचा अभंग त्यांच्या कानांत लहानपणापासून मुरलेला होता. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी कधी लपविली नाही. परिणामी ख्रिस्ती मंडळींना आपल्या आजीच्या ओव्यांच्या बोलीत प्रार्थना करता येऊ लागली. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे.

नगरचे त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. अनाथ मुले, विद्यार्थी, कवी, नोकरी गेलेले, घरातून हाकललेले असे कोणीही येऊन राहावे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, या घरात वाढत्या वयात राहिले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्या मुलाच्या कवितेने सर्वांना थक्क केले, तो ब्राह्मण मुलगा ख्रिस्ती पाळकाच्या घरी मुलासारखा राहिला आणि त्याने बाप्तिस्मा घ्यावा असा तगादा टिळकांनी लावला नाही. दरबार म्हणून टिळकांनी पुढे जे मांडले, ते त्यांच्या घरात आधीपासून चाललेले होते, असे म्हणावयास हरकत नाही. त्या घराचा खर्च कसा भागतो याची चिंता मात्र लक्ष्मीबाईंनीच वाहावयाची होती.

दुसरीकडे मिशनच्या नोकरीतील अस्वस्थता वाढत होती. काळही तसा होता. वंगभंगानंतर स्वदेशीचा मंत्र देशभर पसरला होता आणि टिळक कडवे देशाभिमानी होते. देशी ख्रिस्ती मनुष्य हा परक्या सत्तेचा आणि परक्या पैशाचा आश्रित समजला जातो, याची त्यांना खंत होती. त्यातील अर्धे खरे आहे हे उमगल्याने ती खंत अधिकच बोचत असावी. अशा विचारात ते एकटे नव्हते. मद्रासमध्ये १८८६ साली पुलनी अँडी यांनी राष्ट्रीय मंडळीचा प्रयोग केला होता. कलकत्त्यात १८८७ मध्ये कालिचरण बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ख्रिस्तो समाज काढला होता. १९०५ साली देशी पैशावर व देशी माणसांवर चालणारी नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली. मात्र या प्रयोगांचे पुढारी वकील, डॉक्टर, प्राध्यापक होते. टिळकांच्या हाती होती झांज आणि अभंग.

सातारा, १९१७

अखेर १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि सातारा गाठले. मिशनशी भांडण करून ते गेले नाहीत. स्नेह राहिला, 'ज्ञानोदय'चे संपादनही त्यांनी अखेरपर्यंत केले. सोडला तो पगार आणि त्याबरोबर येणारे चाकरीचे नाते. संन्यस्त वृत्तीने राहण्याचा त्यांनी निश्चय केला. संन्यास आणि संसार यांची ती विलक्षण सरमिसळ होती. संन्यासी घरी होता, घरात पत्नी होती, मुले होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पाने मांडली जात होती. फक्त महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारे पैसे तेवढे बंद झाले होते.

सातारा हे ठिकाण विचार करण्यासारखे आहे. छत्रपतींची ही गादी. इंग्रजांनी १८४८ मध्ये ती खालसा केली. उशाशी अजिंक्यतारा, जवळच समर्थांचा सज्जनगड. खरा दरबार मोडून सत्तर वर्षे झालेल्या या शहरात टिळकांनी देवाचा दरबार भरविला. दिल्लीत १९११ साली भरलेल्या बादशाही दरबाराचा डामडौलही लोकांच्या स्मरणात ताजा होता. नाव निवडताना कवीच्या मनात हे सारे असेलच असे नाही, परंतु सातारकरांच्या कानी ते पडल्यावाचून राहिले नसेल.

दरबाराची रचना थोडक्यात अशी होती. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कोणालाही त्यात स्थान. त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. घर सोडण्याची अट नाही, नाव बदलण्याची नाही, पेहराव बदलण्याची नाही. बाप्तिस्मा टिळकांना नकोसा झाला होता असे नव्हे. ते स्वतः दीक्षित पाळक होते. मात्र या देशात बाप्तिस्म्याला जो सामाजिक अर्थ चिकटला होता, म्हणजे आपल्या माणसांतून उठून दुसऱ्या कळपात जाणे, तो अर्थ त्यांना पुसून टाकावयाचा होता. कोणताही विलायती पंथ तेथे नव्हता. सर्व माणसांशी मैत्री आणि सेवा हे व्रत होते. मंडळी हे एक कुटुंब असावे आणि ते या मातीत रुजलेले असावे, एवढीच त्यामागची कल्पना.

ही कल्पना सांगावयास सोपी, पण अमलात आणावयास फार कठीण होती आणि आक्षेप दोन्ही बाजूंनी आले. ख्रिस्ती मंडळींत प्रश्न उभा राहिला की, बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला यांत फरक नसेल, तर मंडळीची सीमा कोणती? ज्यांनी या पाण्यासाठी आपले घरदार गमावले, त्यांच्या त्यागाला काय अर्थ उरला? हा आक्षेप पोकळ नव्हता. दलित जातींतून आलेल्या कुटुंबांना तर जुन्या समाजात राहण्यात सुखाचे असे काहीच नव्हते. त्यांच्यासाठी मिशनचे आवार हे परकेपण नव्हते, ते वेठबिगारीतून सुटण्याचे दार होते. आपल्या लोकांत राहूनच ख्रिस्ताला अनुसरावे, ही वाट वरच्या जातीच्या शिकलेल्या माणसाला जेवढी मोहक, तेवढी महारवाड्यातील कुटुंबाला नसणार. टिळकांच्या योजनेतील ही बाजू दुबळी होती, असे आज मागे वळून पाहताना वाटते. त्यांच्या घरात जातिभेदाला थारा नव्हता हे खरे. पण घर आणि चळवळ यांत अंतर असते.

हिंदू समाजातही संशय होता. उघड्या धर्मांतराऐवजी ही आडवाटेची युक्ती तर नव्हे, असे कित्येकांना वाटले असल्यास नवल नाही. टिळकांचा मोकळा स्वभाव, देशप्रेम आणि कीर्तन यांमुळे श्रोते मात्र जमत. कवी म्हणून त्यांना सर्व जातींत मान होता. दरबारात येणे हे कितीदा टिळकांकडे येणेच असे. मोठ्या माणसाभोवती उभ्या राहणाऱ्या कामाची हीच अडचण असते.

बारकाव्याने पाहिले तर दरबाराला नियमावलीपेक्षा माणसाची अधिक गरज होती आणि तो माणूस थकला होता. पगार सोडलेला, वय सत्तावन्नाकडे झुकलेले, महायुद्धाने महागाई वाढलेली. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात गेले. घरातला मुलगा जावा तसा तो आघात होता. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने देशभर थैमान घातले. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहावयास घेतले होते, ते काही अध्यायांवर अडून राहिले.

१९१९ च्या प्रारंभी टिळकांची प्रकृती ढासळली. उपचारांसाठी त्यांना मुंबईस नेण्यात आले. ९ मे १९१९ रोजी जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

दरबारानंतर

देवाचा दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. त्याला ना निधी होता, ना इमारत, ना पुढारी. पगारी पाळकांची, मालमत्तेची, नोंदवह्यांची जी व्यवस्था टिळकांना जाचक वाटली होती, तिच्याच आधारे मिशनच्या मंडळ्या मात्र पुढे चालत राहिल्या. या विसंगतीचे उत्तर टिळकांकडे नव्हते, आणि मंडळी स्थापन करावयास निघालेल्या कितीजणांकडे ते असते?

तरीही धागा अगदीच तुटला नाही. टिळकांच्या सहवासाने प्रभावित झालेले इंग्रज धर्मगुरू जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये नगर येथे ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम काढला आणि दुसऱ्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. तेथे युरोपीय आणि हिंदी बंधू एकत्र, देशी पद्धतीने राहत. हा आश्रम पुढे पुण्यास गेला. १९२७ साली व्हेरिअर एल्विन हिंदुस्थानात आले ते याच संघात. मध्य भारतातील आदिवासींचे अभ्यासक म्हणून ते पुढे विख्यात झाले.

पंथांच्या भिंती पाडण्याचे काम फार सावकाश झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या प्रथम संयुक्त मंडळीत गेल्या. नंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. हा समारंभ नागपुरात झाला. टिळकांनी जेथे 'ऋषी' चालविले आणि नव्या धर्माची स्वप्ने पाहिली, तेच हे नागपूर. वऱ्हाडातील अलायन्सच्या मंडळ्या या ऐक्यात आल्या नाहीत, त्यांची वाट वेगळी राहिली. टिळकांचे अभंग मात्र पंथ पाहून थांबले नाहीत.

लक्ष्मीबाई पतीनंतर सतरा वर्षे जगल्या. टिळकांनी अर्धवट सोडलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले आणि टिळकांनी लिहिलेल्या अध्यायांच्या कितीतरी पट अधिक अध्याय स्वतः रचले. मुलगा देवदत्त याच्या आग्रहाने त्यांनी आठवणी सांगावयास सुरुवात केली. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले. ज्या बाप्तिस्म्याने पाच वर्षे संसार मोडला, त्याची हकिकत त्यात आहे, वेगळ्या चुलीची आहे आणि घरी आलेल्या प्रत्येकाला जेवावयास काय वाढायचे या रोजच्या विवंचनेचीही आहे.